ट्रॅक्टरचा गेर आणि एकरी डिझेल

शब्दाचा अभ्यास करणाऱ्याने त्या शब्दाने दर्शविलेली वस्तूही नीट पाहिली पाहिजे, हा आग्रह भाषाशास्त्रात नवा नाही. १९०९ साली जर्मन भाषेत ‘शब्द आणि वस्तू’ ह्याच अर्थाचे नाव धारण करणारे एक नियतकालिक निघाले. रूडोल्फ मेरिंगर हे त्याच्या प्रवर्तकांपैकी एक होत. घराची बांधणी, शेतीची आउते, भांड्यांचे घाट हे प्रत्यक्ष ठाऊक असल्यावाचून त्यांच्या नावांचा इतिहास लिहिता येत नाही, ही त्या मंडळाची भूमिका होती. विद्यार्थिदशेत हे मत मी परीक्षेपुरते पाठ केले होते. ते खऱ्या अर्थाने पटले ते मात्र माझ्याच एका चुकीमुळे.

कऱ्हाडच्या बाजूस शेतीविषयक शब्दांचा संग्रह करीत असता एका वयस्क ट्रॅक्टरचालकाचे बोलणे मी टिपून घेतले. “तासाला गेर बदलावा लागतो,” असे तो म्हणाला. मी टिपणपत्रावर लिहिले की, ट्रॅक्टरचा गेर दर तासाने एकदा बदलण्याची रीत ह्या भागात आहे. पुढे कृषी-अभियांत्रिकी शिकविणाऱ्या एका स्नेह्यास ते टिपण दाखविले, तेव्हा तो पोट धरून हसला. घड्याळ पाहून गेर बदलणारा चालक त्याने आजवर पाहिला नव्हता. चालकाच्या बोलण्यातील ‘तास’ हा साठ मिनिटांचा नव्हताच. तो नांगराने शेतात ओढलेला तास होता. एक तास संपून बांधाशी वळावयाचे, म्हणजे गेर बदलावा लागतो, एवढाच त्याचा साधा अर्थ होता. कालवाचक ‘तास’ हा धातूचे पात्र किंवा थाळी ह्या अर्थाच्या फारसी-अरबी शब्दाकडे नेला जातो. शेतातील ‘तास’ मात्र ‘तासणे’ ह्या क्रियापदाशी व त्यामागील संस्कृत ‘तक्ष्’ धातूशी जोडावासा वाटतो. मराठीत ते दोघे एकाच रूपात येऊन बसले आहेत आणि विभक्तिप्रत्यय लागल्यावरही त्यांत भेद उरत नाही.

हा प्रसंग आता आठवावयाचे कारण निराळे आहे. गेल्या वर्षी माझे धाकटे बंधू घरच्या तीन एकरांसाठी, व शेजाऱ्यांची भाड्याची कामे करण्यासाठी, ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात होते. चार-पाच विक्रेत्यांची माहितीपत्रके त्यांनी माझ्यापुढे ठेवली. एकात ‘पार्शियल कॉन्स्टंट मेश’, दुसऱ्यात ‘सिंक्रोमेश’, तिसऱ्यात ‘बारा पुढचे, तीन मागचे’ अशी वैशिष्ट्ये ठळक छापलेली होती, आणि प्रत्येक पेटी डिझेल वाचविणारी असल्याचा निर्वाळा होता. “दादा, ह्यातली कोणती पेटी डिझेल कमी खाते, तेवढं सांग,” असे ते म्हणाले. उपरोक्त स्नेह्याची मदत घेऊन मी ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून जे हाती आले ते असे की, गेरपेटीचा प्रकार आणि डिझेलचा खर्च ह्यांचा संबंध माहितीपत्रकात दाखवितात तितका सरळ नाही. आणि खर्च कोणत्या तासावर मोजावयाचा ह्याचा निर्णय झाल्याखेरीज तो संबंध दिसतच नाही. येथे जे स्पष्टीकरण मांडीत आहे ते ह्या दोन गोष्टींपुरतेच आहे.

प्रथम गेरपेटीचे प्रयोजन पाहू. डिझेल इंजिन मिनिटाला साधारण बाराशे ते बावीसशे फेरे ह्या मर्यादेतच समाधानाने काम करते. ट्रॅक्टरचे मागील चाक मध्यम आकाराच्या यंत्रात सुमारे १.३ मीटर व्यासाचे असते; म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर चार मीटरांहून किंचित अधिक पुढे जातो. नांगरट करताना ताशी साडेचार किलोमीटर हा वेग धरला, तर चाकाचे मिनिटाला केवळ अठरा फेरे होतात. इंजिनाचे दोन हजार आणि चाकाचे अठरा, हे अंतर शंभर-एकशेदहा पटींचे आहे. तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन ताशी २८ किलोमीटरने डांबरी रस्त्याने निघाला, तर हे प्रमाण सतरा-अठरा पटींवर येते. इंजिनाने आपली चाल फारशी न बदलता चाकाने मात्र निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या चालीने फिरावे, ही सोय करणारी दातेरी चक्रांची मांडणी म्हणजे गेरपेटी. क्लचमधून शक्ती ह्या पेटीत येते, तेथून डिफरन्शियलमध्ये जाते, आणि शेवटच्या घटचक्रांतून आसाला मिळते. चाल जितकी घटेल तितका रेटा वाढतो. म्हणूनच खालच्या गेरात ट्रॅक्टर हळू पण जोराने ओढतो.

पेटीच्या प्रकारांची जी नावे माहितीपत्रकात येतात ती वस्तुतः चक्रे एकमेकांत कशी गुंततात ह्याची नावे होत. सर्वांत जुनी रीत सरकत्या चक्रांची. तीत दांडी हलविली की चक्रच दांड्यावरून सरकत जाऊन दुसऱ्या चक्राच्या दातांत दात घालते. दोन्ही चक्रे निरनिराळ्या चालीने फिरत असतील तर दात एकमेकांवर आपटतात व ‘कर्रर्र’ असा आवाज होतो. म्हणून ट्रॅक्टर पुरता थांबवूनच गेर टाकावा लागतो. १९१७ साली निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला पुढे जाण्यासाठी अवघे तीन गेर होते, आणि तरीही त्याने अमेरिकेतील लाखो घोडे शेताबाहेर काढले. दुसरी रीत कॉन्स्टंट मेशची. तीत चक्रांच्या जोड्या सदैव गुंतलेल्या असतात. त्यांपैकी कोणती जोडी दांड्याला जखडावयाची एवढेच एक लहान कडे सरकून ठरविते. चक्रांचे दात झिजत नाहीत, जी काही झीज होते ती त्या कड्याची. तिसरी सिंक्रोमेशची. हिच्यात कडे गुंतण्यापूर्वी एक पितळी शंकू घासून दोन्ही भागांची चाल सारखी करून घेतो, आणि म्हणून चालत्या गाडीत गेर निमूटपणे पडतो.

आता ह्या तिन्ही रीतींत शक्ती शेवटी दातांवरूनच जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. चांगल्या घडणीच्या दोन चक्रांच्या मिलनात शेकडा एक-दोनच भाग शक्ती घर्षणाने वाया जाते. इंजिनापासून आसापर्यंत अशी चार-सहा मिलने, शिवाय तेल घुसळण्यात जाणारा वाटा, असे सर्व मिळून शेकडा दहा ते पंधरा भाग जातात. हा तोटा सरकत्या पेटीत आणि सिंक्रोमेश पेटीत जवळजवळ सारखाच. सिंक्रोमेशने चालकाचे श्रम वाचतात, ट्रॉली ओढताना चढणीवर गेर उतरविणे सोपे जाते, दात टिकतात. डिझेल मात्र त्या शंकूमुळे वाचते असे मानण्यास आधार नाही. नांगर जमिनीत असता तर सिंक्रोमेशचाही फारसा उपयोग होत नाही, कारण क्लच दाबताक्षणीच मातीच्या ओढीने ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. मोटारगाडीप्रमाणे तो स्वतःच्या वेगाने पुढे वाहत नाही.

ह्या अडचणीवरच पुढील सर्व शोध उभे आहेत, म्हणून त्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे अस्थानी होणार नाही. १९५४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीने ‘टॉर्क अ‍ॅम्प्लिफायर’ नावाची एक दांडी दिली. ती ओढली की न थांबता ट्रॅक्टरची चाल सुमारे एक तृतीयांशाने उतरे आणि रेटा त्या प्रमाणात वाढे. १९५९ मध्ये फोर्डने दहाही गेर ओझ्याखाली बदलता येतील अशी पेटी काढली, आणि १९६३ मध्ये जॉन डीअरची पॉवर शिफ्ट पेटी आली. ह्या पेट्यांत तेलाच्या दाबाने आवळणारे अनेक क्लच असतात. त्यांतील न आवळलेलेही तेलात घासत राहतात, म्हणून त्यांचा तोटा साध्या पेटीहून काहीसा अधिक. हायड्रोस्टॅटिक पेटीत तर दातांऐवजी पंप आणि तेलावर फिरणारी मोटर हीच शक्ती वाहतात. चाल कोणत्याही आकड्यावर ठेवता येते, पण इंजिनाने दिलेल्या शंभर भागांतून सत्तर ते ऐंशीच बाहेर पडतात. १९६७ पासून मोठ्या ट्रॅक्टरांतही ती आली. बागेत, गवत कापण्यात, क्षणाक्षणाला पुढे-मागे करावे लागणाऱ्या कामात ती फार सोयीची आहे. नांगरटीला ती खर्चाची. ह्या दोहोंचा मेळ घालणारी पेटी फेन्ट ह्या जर्मन कंपनीने १९९५ साली हानोव्हरच्या प्रदर्शनात दाखविली. तीत शक्तीचा काही भाग दातांवरून व काही तेलातून जातो आणि गेर असे उरतच नाहीत. तिचा स्वतःचा तोटा साध्या पेटीहून थोडा अधिक असूनही ती पुष्कळदा डिझेल वाचविते. ह्या विसंगतीतच आमच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आहे.

इंजिन जे डिझेल जाळते ते सगळे कामासाठी जाळीत नाही. दट्ट्यांचे घर्षण, पाण्याचा व तेलाचा पंप, पंखा, हवा आत ओढणे व धूर बाहेर लोटणे, ह्यांसाठी त्याला काही शक्ती स्वतःवरच खर्च करावी लागते. आणि हा घरखर्च ओझ्यावर नव्हे, तर फेऱ्यांवर अवलंबून असतो. नांगर मातीत असो वा नसो, इंजिन दोन हजार फेऱ्यांवर ठेवले की दोन हजारांचा घरखर्च लागू होतो. उदाहरणादाखल एक हिशेब करू. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने हलकी पाळी घालावयाची आहे आणि त्यासाठी इंजिनाकडून १४ अश्वशक्ती लागते असे धरा. दोन हजार फेऱ्यांवर इंजिनाचा घरखर्च सुमारे १२ अश्वशक्ती, तर पंधराशेवर तो ८ च्या आसपास मानता येईल. एक लिटर डिझेलमध्ये जी उष्णता आहे तिचे पूर्ण रूपांतर झाले तर सुमारे साडेतेरा अश्वशक्ती तासभर मिळेल. परंतु दट्ट्यावर प्रत्यक्ष येते ती त्याच्या चाळीस-बेचाळीस टक्के, म्हणजे साडेपाच-पावणेसहा अश्वशक्ती. म्हणजे पहिल्या रीतीने २६ अश्वशक्तीसाठी घड्याळी तासाला सुमारे ४.६ लिटर, आणि दुसऱ्या रीतीने २२ अश्वशक्तीसाठी ३.९ लिटर. काम तेच, वेग तोच, माती तीच. फरक शेकडा पंधरा.

मात्र ‘वेग तोच’ ही अट पाळावयाची तर इंजिनाचे फेरे चौथ्या हिश्शाने उतरविताना गेर त्याच प्रमाणात वर चढविला पाहिजे. चालकांच्या बोलीत ‘रेस’ म्हणजे इंजिनाचे फेरे. ‘गेर वरचा, रेस खालची’ एवढ्या चार शब्दांत हे सर्व तत्त्व सामावते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या ट्रॅक्टर-चाचण्या ह्या बाबतीत फार बोलक्या आहेत. विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकरी-आमदाराने घेतलेला ट्रॅक्टर विक्रेत्याच्या शब्दाला जागला नाही, त्या अनुभवातून १९१९ साली तेथे कायदा झाला आणि १९२० पासून लिंकन येथे चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या अहवालांत अर्ध्या ओढीची चाचणी दोनदा घेतलेली आढळते: एकदा पूर्ण रेसवर, आणि दुसऱ्यांदा वरच्या गेरात रेस उतरवून त्याच वेगाने. दुसऱ्या ओळीतील डिझेलचा आकडा पहिलीपेक्षा नेहमी कमी असतो. ही बचत दहा ते वीस टक्के, कधी त्याहूनही अधिक भरते. आपल्याकडे मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते. तिच्या अहवालात शेतातील कामाचे डिझेल तासावर आणि हेक्टरवर असे दोन्हींनी दिलेले असते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल मागवून घेणे अधिक श्रेयस्कर.

ह्यावरून पेटीतील गेरांच्या संख्येला काय अर्थ आहे ते उलगडते. कांदिवलीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार होऊ लागलेल्या बी-२७५ ट्रॅक्टरला पुढचे आठ व मागचे दोन गेर होते, आणि ‘आठ-दोन’ ही मांडणी आपल्याकडे अद्यापि सर्वांत परिचयाची आहे. चार गेर आणि ‘लो-हाय’ची वेगळी दांडी मिळून हे आठ होतात. परंतु त्यांपैकी वरचे दोन-तीन रस्त्यासाठी, तळचा एखादा अगदी रांगण्यासाठी. शेतकामाच्या ताशी तीन ते सात किलोमीटर ह्या पट्ट्यात उरतात ते तीन, फार तर चार. लगतच्या दोन गेरांत दीडपट अंतर असेल, तर वरचा गेर घेतल्यावर तोच वेग राखण्यास दोन हजारांवरून एकदम तेराशेवर उतरावे लागते, आणि तेथे इंजिन दबते. मग चालक बिचारा खालच्याच गेरात पूर्ण रेस ठेवून काम उरकतो. बारा किंवा पंधरा गेरांच्या पेटीत ह्याच पट्ट्यात पाच-सहा पायऱ्या मिळाल्या, तर हवी ती जोडी जमते. तेव्हा एकूण गेर किती हे विचारण्यापेक्षा कामाच्या पट्ट्यात किती, हे विचारावे. फेन्टच्या पेटीचा लाभही हाच: तिला पायऱ्याच नसल्याने इंजिन नेहमी मितव्ययाच्या फेऱ्यांवर ठेवता येते, आणि तिच्या तेलातील तोटा ह्या बचतीतून भरून निघतो. तीन एकरांच्या शेतकऱ्याने तिच्या किमतीचा विचार न करणे बरे. आठ गेर आणि जागा कान ह्यांच्या बळावर त्याला त्या बचतीचा मोठा भाग फुकट मिळतो.

कानाचा उल्लेख सहज केलेला नाही. रेस उतरविण्याला मर्यादा आहे आणि ती कानाने व डोळ्यानेच कळते. काम चालू असता रेसची दांडी थोडी पुढे ढकलावी. इंजिनाने लगेच उचल घेतली तर ओझे योग्य आहे. उचल न घेता ते गुरगुरू लागले व काळा धूर टाकू लागले, तर एक गेर खाली यावे. सतत दबलेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, तापमान वाढते, आणि बचतीच्या नावाखाली दुरुस्तीचे बिल येते. खोल नांगरटीला हे तत्त्व फारसे लागू पडत नाही, कारण तेथे इंजिनाला बऱ्याच अंशी पूर्ण ओझे असतेच.

रोटाव्हेटरची गोष्ट तर अगदीच वेगळी. तेथे शक्ती चाकातून नव्हे, तर मागील पी.टी.ओ.च्या दांड्यातून जाते, आणि त्या दांड्याने मिनिटाला ५४० फेरे करावेत अशी औताची अपेक्षा असते. रेस उतरविली की पात्यांची चाल उतरते, ढेकळे मोठी राहतात, आणि दुसरी पाळी घालावी लागते. घड्याळी तासाचे डिझेल कमी दिसते. एकराचे मात्र जवळजवळ दुप्पट होते. ज्या ट्रॅक्टरला ‘इकॉनॉमी पी.टी.ओ.’ असतो, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ५४० देणारी दुसरी जोडी असते, तेथेच हलक्या जमिनीत रेस उतरविण्याची मुभा आहे. ज्या शेतात वर्षातील बहुतेक मशागत रोटाव्हेटरनेच होते, त्या शेतकऱ्याने सिंक्रोमेशपेक्षा ह्या सोयीची चौकशी आधी करावी, असे माझे मत झाले आहे.

येथवरचा विचार सपाट, विस्तीर्ण शेत मनात धरून केला. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे, आणि तीही पुष्कळदा एका तुकड्यात नसते. वीस गुंठ्यांचा एक तुकडा घेऊ: लांबी सुमारे ६७ मीटर, रुंदी ३० मीटर. पलटी नांगराचा पट्टा ६० सेंटिमीटरचा, वेग ताशी साडेचार किलोमीटर, आणि प्रत्येक वळणास २० सेकंद धरू. लांबीच्या दिशेने नांगरले तर पन्नास तास निघतात. मातीतील वेळ ४५ मिनिटे आणि वळणांची १७. तोच तुकडा रुंदीच्या दिशेने नांगरला तर एकशेबारा तास निघतात; मातीतील वेळ तीच ४५ मिनिटे, पण वळणांची ३७. वळताना इंजिन तासाला दोन लिटर जाळते असे मानले तरी वीस गुंठ्यांत अर्ध्या लिटरहून अधिक, एकरी सव्वा लिटरच्या पुढे, नुसत्या वळण्यात जाते. भावाभावांत वाटणी होताना शेत उभे चिरले की आडवे, ह्याचा परिणाम असा पिढ्यान्‌पिढ्या डिझेलच्या टाकीवर होत राहतो. अर्थात उतार असेल तेथे नांगरट उताराला आडवीच हवी. मातीपुढे डिझेलचा विचार गौण.

वळणाचा प्रश्न हाच गेरपेटीचाही प्रश्न आहे. माझ्या त्या चालकाला ‘तासाला’ गेर बदलावा लागत होता तो ह्यासाठीच: बांधाशी नांगर उचलावयाचा, मागचा गेर टाकावयाचा, पुन्हा पुढचा. ज्या पेटीत पुढे-मागे करण्याची स्वतंत्र ‘शटल’ दांडी असते तेथे हे काम एका हालचालीत होते आणि प्रत्येक वळणाचे काही सेकंद वाचतात. आखूड तासांच्या शेतात ही दांडी, माझ्या समजुतीप्रमाणे, बाराव्या गेरापेक्षा अधिक कामाची ठरावी. पायऱ्यांचा आणि दांडीचा हा हिशेब मी बंधूंपुढे मांडला. त्यांनी अखेर साधी कॉन्स्टंट मेशची, आठ-दोनचीच, परंतु शटल दांडी व इकॉनॉमी पी.टी.ओ. असलेली पेटी पसंत केली.

परंतु लहान शेतकऱ्यांपैकी बहुतेकांपुढे पेटी निवडण्याचा प्रश्नच येत नाही. ते ट्रॅक्टर भाड्याने आणतात. त्यांच्या हाती एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे भाडे कशावर ठरवावयाचे. भाडे घड्याळी तासावर ठरले आणि डिझेल ट्रॅक्टरवाल्याचे असले, तर रेस उतरवून सावकाश चालण्यात ट्रॅक्टरवाल्याचा दुहेरी लाभ: डिझेल वाचते आणि तास वाढतात. येथे ‘रेस खालची’ असते, पण ‘गेर वरचा’ नसतो. भाडे एकरावर ठरले तर तोच ट्रॅक्टरवाला वरचा गेर घेतो, पण नांगर वर उचलून धरतो. खोली चार बोटे कमी झाली की ओढ घटते, एकर लवकर संपतो, आणि माती न उलटल्याचे शेतकऱ्यास पेरणीनंतर कळते. दोन्ही पक्ष ‘डिझेल परवडत नाही’ हेच वाक्य उच्चारतात; दोघांच्या मनातील ‘तास’ मात्र वेगळे असतात. एकराच्या भाड्याबरोबर खोलीही बोलून ठेवावी आणि पहिल्या दोन तासांत ती काठी घालून मोजावी, एवढी सावधगिरी आमच्या गावातील काही जुनी मंडळी घेतात. त्यांना त्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज पडलेली नाही.

मोटारगाडीच्या संदर्भात ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द मराठीत लिटरमागे किलोमीटर ह्या एकाच अर्थाने रुळला आहे. ट्रॅक्टरला तो लावला की अर्थ सैल होतो. “अ‍ॅव्हरेज काय देतो?” ह्या प्रश्नाला एकजण तासाचे लिटर सांगतो, दुसरा एकराचे, तिसरा ट्रॉलीच्या खेपेचे, आणि विक्रेता ह्यांतील सर्वांत लहान आकडा उचलतो. नवी पारिभाषिक संज्ञा घडविण्याचा मोह आमच्यासारख्यांना येथे होतो. पण ‘एकरी डिझेल’ हा जोडशब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आधीच आहे आणि तो निर्दोष आहे.

ते मोजण्याची रीत अवघड नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी. तुकडा पुरा करून त्याच जागी, त्याच दिशेने तोंड करून तो उभा करावा आणि टाकी पुन्हा काठापर्यंत येण्यास किती डिझेल लागले ते मापाच्या भांड्याने पाहावे. जागा बदलली की टाकीतील पातळी तिरकी होते व अर्ध्या-एक लिटरची चूक सहज पडते. तुकडा वीस गुंठ्यांहून लहान असेल तर एका मोजणीवर विसंबू नये. बंधूंनी ह्यासाठी एक वही घातली आहे: तारीख, तुकडा, काम, खोली, गेर, रेस, गुंठे, लिटर. मीही त्या जुन्या टिपणपत्रावरील अर्थ खोडून ‘तास’ ह्या शब्दाची दोन स्वतंत्र पत्रे केली आहेत. वहीत आजपर्यंत वरच्या मळ्याच्या नोंदी आहेत. खालच्या तुकड्यात अजून वाफसा आलेला नाही. तो आला म्हणजे तेथे एकदा पूर्ण रेसवर आणि एकदा वरच्या गेरात अशी पाळी घालून दोन ओळी भरावयाच्या आहेत.